आमची वाटचाल : कुत्र्याच्या फुलाची नर्सरी

फाटकावरच्या बोर्डावर आमच्या नर्सरीचं नाव वेगळं आहे, पण ते कोणी वाचत नाही. लातूर-औसा रस्त्यावर कुणालाही विचारा, "कुत्र्याच्या फुलाची नर्सरी" म्हटलं की बोट आमच्याकडंच दाखवतील. सुरुवातीला राग यायचा, आता येत नाही. बी मागवताना आम्ही स्नॅपड्रॅगन म्हणतो, गिऱ्हाइकाशी बोलताना डॉग फ्लॉवर.

२००९ च्या जानेवारीत दाजी आणि मी पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो. खरं तर ट्रॅक्टरच्या कामाला गेलो होतो, पण दाजींना फुलं बघायची होती. तिथं एका वाफ्यात छातीएवढ्या दांड्या उभ्या होत्या, पिवळ्या, गुलाबी आणि मखमली तांबड्या. दाजींनी एका फुलाच्या गालफडाला चिमटा काढला आणि फुलानं तोंड उघडलं. दाजी म्हणाले, "हे आपल्याकडं आलं तर?" तेव्हा आमच्या अडीच एकरात सोयाबीन आणि हरभरा होता. घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं.

पहिल्या वर्षाचं बी मी मातीखाली झाकलं. एका ग्रॅमला सहा-सात हजार बिया, जणू चहाच्या पुडीतली धूळ. ती झाकायची नसते, उगवायला उजेड लागतो. हे कळेपर्यंत चार ट्रे मोकळे गेले. आजही पेरणी आमची मंडळीच करते. ओल्या काडीचं टोक बियाला लावायचं, बी चिकटतं, मग ते ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, नुसतं टेकवायचं. वरून बारीक फवारा, आणि ट्रे निम्मं ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली. आठव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत हिरवं दिसतं. त्या काड्या एका पितळी डब्यात असतात. त्या डब्याला माझा हात लागला तर घरात भांडण होतं.

दुसरी चूक बियाच्या गटाची. दांडी कापून विकायच्या जाती एक ते चार अशा गटांत येतात. एक-दोन थंडीच्या लहान दिवसांचे, तीन-चार लांब दिवसांचे आणि उन्हाचे. आम्ही स्वस्त मिळतंय म्हणून चौथ्या गटाचं घेतलं. थंडीभर रोप नुसतं पाल्यानं भरलं, दांडी निघाली शिमग्याला, आणि तोवर आमच्याकडं ऊन तापलेलं. आता आम्ही सप्टेंबरच्या शेवटी पेरतो आणि दुसरा-तिसरा गट घेतो. दांडीला उंच जात, बागेच्या वाफ्याला मधली आणि कुंडीला बुटकी. बुटक्या जातीची दांडी कापून गुच्छात घालू म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

हैदराबादला पहिला माल पाठवला तो ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत. खोक्यात आडवा रचला होता आणि शेजारी कुणाच्या तरी केळीच्या क्रेट होत्या. सकाळी आडत्याचा फोन आला, "दांड्या आहेत की काठीच्या मुठी?" हे फूल आडवं ठेवलं की शेंडा वर वळतो, आणि पिकत्या केळीचा वायू लागला की पाकळ्या झडतात. तेव्हापासून माल बादलीत उभा जातो. पहाटे कापायचा, खालची तिसरा हिस्सा फुलं उमलली की लगेच. भुंग्याला जाळीबाहेर ठेवायचं, कारण परागण झालं की फूल गळतं.

माल तसा परत आला तो लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या फुलवाल्या मामूंनी घेतला. मामूंचं दुकान म्हणजे एक गाडा, दोन पिंपं आणि एक विळी. वाकड्या दांड्या त्यांनी निम्म्या कापल्या, लग्नाच्या गाडीच्या बोनेटवर पसरल्या आणि म्हणाले, "बेटा, वाकडं फूल सरळ माणसापेक्षा बरं दिसतं." पैसे पूर्ण दिले. तेव्हापासून दर दसऱ्याला ते लुनावर येतात आणि थंडीतल्या मालाचा विसार माझ्या हातात ठेवतात, कागद नाही की पावती नाही.

आता २०१५-१६ चं सांगतो, ते सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस पडला नाही म्हणा ना. नोव्हेंबरात बोअरनं हवा ओकायला सुरुवात केली. १३ वाफे लावलेले, शेंडे खुडून झालेले, आधाराची जाळी ताणलेली. दाजी आणि मी बांधावर बसलो आणि कोणते वाफे मारायचे ते ठरवलं. ११ मारले. उरलेल्या दोन वाफ्यांना दाजींच्या विहिरीतलं पाणी, रोज बैलगाडीवर दोन पिंपं, ठिबकच्या नळीतून थेंब-थेंब.

आमच्याच रस्त्यावर एक मोठी नर्सरी आहे. नाव घेत नाही, घेऊन काय करायचंय. त्यांचे मालक तोवर जिथं-तिथं सांगायचे, "हे थंड मुलखातलं फूल, मराठवाड्यात येतच नाही." त्या जानेवारीत ग्रामपंचायतीचा टँकर आमच्या फाटकापाशी वळला. वळायला दुसरीकडं जागाच नव्हती. तिकडून कुणीतरी फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर फिरवला, खाली लिहिलं, "माणसाला प्यायला पाणी नाही अन् हे कुत्र्याच्या फुलाला पाजायलेत." दोन दिवसांत तालुकाभर झालं. किराणा दुकानात लोक माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे. शाळेत लेकराला पोरं चिडवायची. एका शेजाऱ्याला मी बैलगाडीपाशी नेलं आणि पिंपात हात घालून तळ दाखवला. तो म्हणाला, "तुझं खरं असंल, पण फोटो बघितलाय ना."

एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. लोक टाळ्या वाजवत होते, मी घरात बसून होतो. बँकेची नोटीस टेबलावर पडलेली. दाजी म्हणाले, आता सोडून देऊ. मीही हो म्हणालो.

पण त्याआधी फेब्रुवारीत मामू आलेले होते. दोन वाफ्यांतल्या वीतभर तोकड्या दांड्या त्यांनी उंच दांडीच्याच भावानं उचलल्या. मी भाव कमी लावायला लागलो तर रागावले, "तोंड उघडणारं फूल आहे ना? मग लेकरांना विकतो. उंची काय करायची?" त्या पैशातून पुढच्या वर्षीचं बी आलं. नाहीतर हे लिहायला मी राहिलो नसतो.

२०१६ च्या सप्टेंबरात पावसानं सगळं भरून दिलं, मांजरा धरणही भरलं. आणि दोन वर्षांनी त्या मोठ्या नर्सरीवर फ्लेक्स लागला, "लातुरात प्रथमच! स्नॅपड्रॅगन!" प्रथमच म्हणे. तो फ्लेक्स बघायला मी मुद्दाम गाडी थांबवली होती. फोटोतली रोपंसुद्धा बुटक्या जातीची होती.

पुढची वर्षं बरी गेली. मध्ये लॉकडाऊनची एक थंडी वाया गेली, बाकी सांगण्यासारखं काही नाही. शेडनेट वाढवलं. कर्ज फिटलं. दाजींचे गुडघे गेले, आता ते खुर्चीवर बसून ट्रे मोजतात.

नवीन पोरं विचारायला येतात म्हणून सांगून टाकतो. वाफ्यातल्या रोपांना पाणी वरून मारू नका आणि संध्याकाळी तर नकोच, पानाखाली तांबेरा बसतो आणि मग औषधाला पुरत नाही. चार जोड्या पानं झाली की शेंडा खुडा, फुलं दोन-तीन आठवडे उशिरा येतील पण दांड्या जास्त मिळतील. एकच मोठी दांडी हवी असेल तर खुडू नका, रोपं जवळ लावा. संकरित जातीचं बी घरी धरू नका, दुसऱ्या वर्षी तीच उंची आणि तोच रंग मिळणार नाही. आणि सोयरीक जमवताना फुलांच्या धंद्याचं आधीच सांगा, पहाटे तीनला उठावं लागतं.

गेल्या ऑक्टोबरात मोठ्या नर्सरीचा माणूस आला. त्यांचं बी उगवलं नव्हतं. मी विचारलं, "झाकलं होतं का?" तो म्हणाला, "हो, मालकच म्हणाले, चांगलं अर्धा इंच." आमची मंडळी आत हसली, मला ऐकू आलं. ४० ट्रे रोपं दिली, उंच जात, ठरलेल्या भावानं. बिलावर मी 'कुत्र्याचं फूल' असंच लिहिलं. त्यानं उधारीचं विचारलं. नाही म्हणालो.