लाल झालंच नाही

परवा भाचीचा फोन. "मावशी, माझं ॲसिड फार वाढलंय गं. लॅबमध्ये मोजून मिळतं का?"

मिळायचं, म्हटलं. १९७८ साली मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा आठवड्याला दोन-तीन ‘टेस्ट मील’ ठरलेले असायचे. उपाशीपोटी आलेला पेशंट सकाळी सातला बाकावर. राइल्स ट्यूब म्हणजे १९२१ साली जॉन राइल या इंग्रज डॉक्टरनं आणलेली बारीक रबरी नळी, टोकाला धातूच्या गोळ्या. ती तोंडातून पन्नास सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत सरकवायची आणि "गिळा काका, गिळा" म्हणत राहायचं. पोटातलं आधीचं सिरिंजनं ओढून घ्यायचं, मग तांदळाची गाळलेली पेज पाजायची आणि दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं काढायचं, अडीच तास. थुंकी गिळायची नाही, ट्रेमध्ये टाकायची. लाळ पोटात गेली की आकडा खाली. पहिल्याच आठवड्यात हे सांगायला मी विसरले आणि अख्खी टेस्ट पुन्हा करावी लागली. त्या आजींनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

खरी मजा टेबलावर. पाच मिली गाळलेला नमुना, त्यात टॉपफर्स रीएजंटचे, म्हणजे ॲसिड दिसलं की रंग बदलणाऱ्या द्रावणाचे, दोन थेंब. मोकळं हायड्रोक्लोरिक ॲसिड असलं की लगेच कुंकवासारखा लाल. डावा हात ब्युरेटच्या, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीच्या, नळावर, उजव्यानं फ्लास्क फिरवत कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंबथेंब सोडायचं. लाल जाऊन केशरी-पिवळं झालं की आकडा लिहायचा, हे फ्री ॲसिड. मग फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं दुसरं द्रावण घालून गुलाबी झाक टिकेपर्यंत पुढे, ते टोटल ॲसिड. १.६ मिली लागलं तर गुणिले २०, म्हणजे ३२ मिलीइक्विव्हॅलंट (ॲसिड मोजायचं एकक) दर लिटरला.

एकदा एक कंडक्टर आले. खिशात खायच्या सोड्याची पुडी. "बाई, पित्तानं जीव नकोसा झालाय." त्यांच्या अकराच्या अकरा नळ्या थेट पिवळ्या. मला वाटलं रीएजंटच गेलं. शेल्फवरचं पातळ ॲसिड घालून बघितलं तर लालभडक! नंतर पोटाला ॲसिड सोडायला लावणारं हिस्टामिनचं इंजेक्शन देऊन पुन्हा काढलं, तरी पिवळंच. सोडा खाऊन मारायला पोटात ॲसिडच नव्हतं. जीभ गुळगुळीत, रक्ताच्या स्लाइडवर तांबड्या पेशी नको तेवढ्या मोठ्या, बी-१२ कमी असल्याच्या खुणा. पुडी सुटली, बी-१२ची इंजेक्शनं लागली.

आता पेज नाही, ब्युरेट नाही. एंडोस्कोपी करतात, नाहीतर नाकातून बारीक तार घालून चोवीस तास अन्ननलिकेत किती ॲसिड वर येतंय ते नोंदवतात.

"नाकातून?" भाची म्हणाली.

"हो. चोवीस तास."

"बरं मावशी, मी आधी रात्री साडेअकराला जेवणं बंद करून बघते."