खोक्यातलं मीठ, कढईतलं मीठ

डॉक्टरांनी ‘मीठ जरा बेतानं’ म्हटलं की मराठी घरात पहिली गदा येते ती लोणच्यावर. मग पापड. मग फरसाणाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर जातो, तिथे म्हणे हात पोचत नाही. कोशिंबिरीवर वरून मीठ भुरभुरणाऱ्याकडे बाकीचे रोखून बघायला लागतात. आणि एवढं सगळं झाल्यावर कुणीतरी कळवळून सुचवतं, ‘सकाळी ते पोहे-उपमे नकोत आता, दुधातून कॉर्नफ्लेक्स खात जा. हलके असतात.’

बाबांचं बीपी वाढल्यावर आमच्याकडेही हेच झालं. खोकं घरात आलं आणि त्याच्या पाठीवरचा तक्ता वाचायचं काम माझ्यावर, कारण मुंगीच्या पावलांएवढी ती अक्षरं बिनचष्म्याची वाचणारी घरात मी एकटीच. ‘साखर किती ते बघ,’ आई म्हणाली. साखर होतीच. त्याच्या दोन ओळी खाली सोडियमही होतं, आणि बऱ्यापैकी होतं. आईनं एक फ्लेक तोंडात टाकला, चघळला, आणखी एक टाकला. ‘गोडसर लागतंय की गं. मीठ कुठेय ह्यात?’

आईची जीभ ही आमच्या घरातली शेवटची पायरी. आमटीच्या नुसत्या वासावरून ती मीठ कमी आहे हे सांगते. तिला पत्ता लागला नाही, याचं कारण कॉर्नफ्लेक्स होतात कसे त्यात आहे. मक्याची जाडसर भरड घेतात आणि ती साखर, मीठ, माल्ट यांच्या पाण्यात वाफेवर शिजवतात. मग वाळवायची, पोलादी रुळांमधून दाबून चपटी करायची आणि भट्टीत खरपूस भाजायची. म्हणजे फ्लेक जन्माला यायच्या आधीच मीठ त्याच्या पोटात मुरलेलं असतं. जिभेला लागतं ते मुख्यतः वरवरचं मीठ, जे लाळेत लगेच विरघळतं. आतलं मीठ आपण चावून, दुधाबरोबर गिळून मोकळे होतो. शिवाय वर साखर आहेच, तिच्या पदराआड बरंच काही खपतं.

उलट आपला मक्याचा चिवडा घ्या. वाण्याकडून मक्याचे कच्चे पोहे आणायचे, कढत तेलात फुलवायचे, आणि गरम असतानाच मीठ-तिखट-पिठीसाखर भुरभुरून परात हलवायची. इथे मीठ पृष्ठभागावर. एक घास घेतला की ‘खारट झालाय’ किंवा ‘अजून चिमूटभर घाल’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. धान्य तेच, आकार जवळजवळ तोच. पण एकातलं मीठ बोलतं आणि दुसऱ्यातलं गप्प बसतं.

मुळात हे मीठ घालतात कशाला? घातलं नाही तर मका फार मचूळ लागतो म्हणून. मीठ भाजल्याची चव वर काढतं, कडवटपणा दाबतं आणि गोडी खुलवतं. शिऱ्यात चिमूटभर मीठ घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गंमत अशी की हा पदार्थ निघाला तो पथ्याच्याच स्वयंपाकघरातून. अमेरिकेत मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग रुग्णांना साधं, सौम्य, शाकाहारी जेवण देत. चमचमीत खाण्यावर त्यांचा रागच होता. १८९४ च्या सुमाराला तिथे गव्हाचे फ्लेक्स झाले, मग मक्याचे. धाकटे बंधू विल यांना धंद्याची नजर होती. त्यांनी साखर घालायचं काढलं, थोरल्यांना ते मानवलं नाही, आणि १९०६ मध्ये धाकट्यांनी आपली वेगळी कंपनी थाटली. पुढे जगभरच्या टेबलांवर काय पोचलं ते आपण पाहतोच आहोत.

आपल्याकडे मोहन मीकिनचे कॉर्नफ्लेक्स जुने, पण घरोघर गाजावाजा झाला तो केलॉग १९९४ मध्ये भारतात आल्यावर. कारखाना तळोज्याला, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पेण-उरणची मिठागरं ज्या जिल्ह्यात, त्याच. (त्या मिठाचा नि ह्या मिठाचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण नकाशाला विनोदबुद्धी असते.) तेव्हा आपण या कुरकुरीत प्रकाराचं काय केलं, तर त्यावर उकळतं दूध ओतलं. लगदा झाला. साय काढून, फुंकर मारून दूध पिणाऱ्या लोकांना कुणी थंड दुधाचं सांगितलंच नव्हतं.

आता हिशोब. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये शंभर ग्रॅममागे साधारण ४०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. आपण ५०० धरू. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, म्हणजे सव्वा ग्रॅम. हा गुणाकार खोक्यावर कुणी करून देत नाही आणि बहुतेकांचं फसतं ते इथेच. ५०० मिलिग्रॅम वाचून वाटतं, हे तर काहीच नाही. ब्रिटनमधल्या वेष्टनांवर लाल-पिवळे-हिरवे ठिपके असतात. तिथे शंभर ग्रॅममागे दीड ग्रॅमच्या वर मीठ गेलं की लाल ठिपका लागतो. आपलं खोकं त्या हिशोबात पिवळ्यात बसलं असतं, आणि ७०० मिलिग्रॅमवालं लालात.

पण शंभर ग्रॅम कोण खातं? कंपनीचा ‘एक वाढप’ ३० ग्रॅमचा. तो मी काट्यावर मोजला. वाडग्याचा तळ झाकला गेला, एवढंच म्हणता येईल. बाबांनी आत डोकावून विचारलं, ‘हा नमुना आहे का?’ त्यांचा खरा वाडगा साठाच्या घरात जातो. म्हणजे ३०० मिलिग्रॅम सोडियम, आणि वर पेलाभर दूध. दुधात मुळातच सोडियम असतं, पेल्याला नव्वदच्या आसपास. सगळं मिळून मीठ झालं साधारण एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, जेमतेम एक छोटा चमचा. आपण भारतीय सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास खातो.

मग मी पोह्यांकडे वळले, आणि वळले नसते तर बरं झालं असतं. पोहे हेही शेवटी दाबलेलं धान्यच. भात भिजवायचा, भाजायचा, चेपायचा. त्यात मीठ नाही. पण कढईत पडताना चौघांच्या पोह्यांत आई सपाट चमचाभर घालते, म्हणजे पाच-सहा ग्रॅम. माणशी सव्वा ते दीड ग्रॅम झालं. वर शेव. इंदुरी पद्धतीनं केले तर शेवेबरोबर जीरावनही, त्यात पुन्हा काळं मीठ. मिसळीचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही. रविवार खराब करण्यात अर्थ नसतो.

तेव्हा मिठापुरतं बोलायचं तर कॉर्नफ्लेक्स निर्दोष नाहीत, पण पोह्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवावं असंही काही नाही. मला खुपतं ते वेगळंच. कढईतलं मीठ कमी करणं आईच्या हातात आहे, खोक्यातलं नाही. तिथे कुणाला तरी कंपनीच्या मागे लागावं लागतं. ब्रिटनमध्ये ग्रॅहम मॅकग्रेगर या डॉक्टरांनी सहकाऱ्यांना घेऊन १९९६ मध्ये त्यासाठी ‘कॅश’ नावाची संघटनाच काढली. पुढे तिथल्या सरकारी यंत्रणेनं पदार्थागणिक मिठाची लक्ष्यं ठरवली, आणि ब्रेड-सीरियलमधलं मीठ वर्षावर्षानं इतकं हळू उतरवलं की खाणाऱ्यांना फरक कळला नाही. जीभ सवयीची गुलाम. काही आठवडे कमी मीठ दिलं की तिला तेच बरोबर वाटायला लागतं.

आणि मुलांसाठी म्हणून जे चॉकलेटी, मधाळ प्रकार विकतात, त्यांच्याबद्दल मिठाची चर्चा करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यातल्या कित्येकांत पाव भागाहून जास्त नुसती साखर असते. साध्या कॉर्नफ्लेक्सचंही पोटाला फार काही लागत नाही. कोंडा गेलेला, चोथा नाही, अकरा वाजता भूक हजर. साधे ओट्स बरे, त्यांत मीठ जवळजवळ नसतंच. तेच मसाल्याच्या पुडीसकट आले की मात्र पुडी सगळी कसर भरून काढते.

आमच्याकडे सध्या तह झालाय. पोहे परत आलेत, मीठ अर्धा चमचा, लिंबू आणि कोथिंबीर दुप्पट, ओलं खोबरं सढळ हातानं. पहिल्या आठवड्यात बाबा ‘अळणी आहेत’ म्हणाले, आता म्हणत नाहीत. मला वाटलं, जीभ वळली. परवा बघितलं तर वरच्या फळीवरचा डबा खाली आलेला आणि त्यांच्या बशीत पोहे दिसतच नव्हते, सगळी शेव.

‘बाबा, हे काय?’

‘पोह्यांत मीठ कमीच आहे,’ ते म्हणाले. ‘शेवेतलं डॉक्टरांनी कुठे धरलंय?’