गच्चीवरचा पीएम २.५ सॅम्पलर: पावसाळ्यानंतरची सर्व्हिस आणि फ्लोचं कॅलिब्रेशन

पाऊस ओसरला आणि सॅम्पलर पुन्हा गच्चीवर चढला. दिवाळीच्या आधी तो नमुने घ्यायला तयार हवा, म्हणून या वेळची नोंद फक्त सर्व्हिस आणि कॅलिब्रेशनची आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी यंत्राची ओळख: हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूलिकण (पीएम २.५) फिल्टरवर गोळा करणारं, जुनं घेतलेलं, लो-व्हॉल्यूम (कमी हवा ओढणाऱ्या) जातीचं. सगळ्यात वर दहा मायक्रॉनचं इनलेट हेड, खाली नळी, मग २.५ मायक्रॉनपेक्षा जाड कण अडवणारा विन्स इम्पॅक्टर, त्याखाली ४७ मिमीचा पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर, पुढे फ्लो, म्हणजे हवेचा प्रवाह, ठरावीक ठेवणारं बारीक भोक (क्रिटिकल ओरिफिस), बिनतेलाचा व्हेन पंप आणि शेवटी ड्राय गॅस मीटर. मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढायची, म्हणजे ताशी १ घनमीटर आणि चोवीस तासांत २४ घनमीटर. फिल्टरचं वाढलेलं वजन भागिले हवेचं आकारमान, एवढाच हिशोब.

आपल्यात चर्चा होते ती वजनाची. काटा किती दशांशांचा, खोली किती कोरडी, चिमटा कोणता. ते सगळं लागतंच, पण मला भागाकाराची खालची बाजू, म्हणजे हवेचं आकारमान, जास्त महत्त्वाची वाटते. २००९ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा नेमकी त्या मर्यादेवर असेल तर फिल्टरवर १४४० मायक्रोग्रॅम धूळ बसते. मायक्रोबॅलन्सवर (मायक्रोग्रॅम तोलणाऱ्या काट्यावर) वजनात १० मायक्रोग्रॅम इकडेतिकडे झाले तरी चूक एका टक्क्याच्या आत राहते. फ्लो मात्र पाच टक्के सरकलेला असला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. पंप त्याच आवाजात चालू असतो. शिवाय तो एकाच जागी फटका देत नाही. इम्पॅक्टर कोणत्या आकाराचे कण अडवतो तेही हवेच्या वेगावरच ठरतं. फ्लो दहा टक्के घटला तर २.५ मायक्रॉनची रेषा साधारण २.६ वर जाते आणि जाडसर धूळ फिल्टरपर्यंत पोचते. म्हणजे भाजकही चुकतो आणि भाज्यही.

सफाई

इनलेट हेडमध्ये कोळ्याची जाळी आणि मुंग्या निघाल्या, दर पावसाळ्यानंतर निघतात तशाच. हेड पूर्ण उघडून साबणाच्या कोमट पाण्यानं धुतलं आणि दोन दिवस सुकवलं. पाणी गोळा होणाऱ्या बाटलीच्या झाकणाची चकती कडक झाली होती, ती बदलली. या बाटलीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण तिचं झाकण सैल असेल तर तिथून आत येणारी हवा इनलेटच्या फटी चुकवून थेट खाली जाते. सगळ्या ओ-रिंग बाहेर काढून नखानं दाबून पाहिल्या. जिथे दाब उठून राहिला त्या बाद. नव्या ओ-रिंगना व्हॅक्यूम ग्रीसचा अगदी पातळ हात. ग्रीस चकाकलं पाहिजे, साठलेलं दिसता कामा नये.

विन्सच्या विहिरीत ३७ मिमीचा ग्लास फायबरचा गोल कागद आणि त्यावर १ मिली डिफ्यूजन पंपाचं सिलिकॉन तेल असतं. कण वेगानं खाली आपटतात आणि तेलात अडकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) पद्धतीत हे दर ५ नमुन्यांनंतर बदलायला सांगितलं आहे. सिंहगड रस्त्यावरची धूळ बघता मी त्याच्याही आधी उघडते. कागदाच्या मधोमध काळपट टेकडी उभी राहिली की इम्पॅक्टरचं वागणं बदलायला लागतं: टेकडी जेटच्या (हवेचा झोत सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाकडे सरकते, रेषा २.५ च्या खाली उतरते आणि जे कण मोजायचे तेच वरच्या वर अडकतात. टेकडी डोळ्यांना दिसण्याआधीच कागद बदलणं चांगलं.

पंप आणि ओरिफिस

पंपाच्या कार्बनच्या पट्ट्या झिजल्या होत्या, नवीन घातल्या. या पट्ट्यांची काळी पूड बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर येते. म्हणून एक्झॉस्टची नळी इनलेटपासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडली आहे आणि मीटरच्या आधी एक छोटा फिल्टर बसवला आहे. आपल्याच पंपाची काजळी आपल्याच नमुन्यात आली तर वजनावरून ती कधीच ओळखता येणार नाही.

क्रिटिकल ओरिफिसची गंमत अशी की पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या साधारण निम्म्याखाली गेला (०.५३ पट) की भोकातून जाणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि मग पंपानं कितीही ओढलं तरी फ्लो वाढत नाही. व्होल्टेज वरखाली झालं तरी लिटर तेवढेच. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, त्यामुळे इथे हवेचा दाबच ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, समुद्रसपाटीला असतो तसा १०१३ नाही. हिशोब केला तर ओरिफिसच्या पलीकडे निदान ३५० मिमी पाऱ्याइतका व्हॅक्यूम हवा. मी ४०० च्या खाली पंप चालवत नाही, कारण फिल्टर भरत जातो, पट्ट्या झिजत जातात आणि ती थोडी मोकळीक संपायला वेळ लागत नाही. नव्या पट्ट्यांवर गेज आरामात त्याच्या वर आहे.

गळती

फिल्टर होल्डरमध्ये एक जुना फिल्टर लावला, वरचं तोंड बंद केलं, व्हॅक्यूम केला, वाल्व बंद केला आणि गेज किती उतरतो ते घड्याळ लावून पाहिलं. आतल्या पोकळीचं आकारमान माहीत असेल तर गळतीचा आकडा थेट मिळतो. माझ्या यंत्रात वाल्वपर्यंतची पोकळी साधारण अर्धा लिटर आहे. एका मिनिटात ४ किलोपास्कल उतरले तर ५०० गुणिले ४ भागिले ९४.८, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ मिली. अमेरिकी पद्धतीतली मर्यादा ८० मिलीची आहे. जुन्या ओ-रिंगवर आकडा या मर्यादेच्या बराच जवळ होता, नव्यांवर तो चौथाईवर आला. चाचणी संपली की व्हॅक्यूम हळूहळू सोडायचा. झटकन तोंड उघडलं तर हवा आत उसळते, फिल्टर फाटतो आणि इम्पॅक्टरचं तेल उडतं.

फ्लो: पाण्याच्या जारवरून सुरुवात

आता या वेळचं मुख्य काम. फ्लो तपासायला स्वतःचं, घरातल्या घरात पडताळता येईल असं माप मला हवं होतं. साबणाच्या बुडबुड्याची नळी छोट्या फ्लोला उत्तम, पण १६.६७ लिटरला नाही: १ लिटरची नळी साडेतीन सेकंदांत पार होते आणि बोटाच्या अंदाजात ०.२ सेकंद गेले तरी पाच टक्के हातचे जातात. म्हणून पाइपच्या गॅसला घरोघरी लागतो तसा डायफ्रामचा जी१.६ गॅस मीटर घेतला. त्याची वरची मर्यादा ताशी २.५ घनमीटर आहे. आपलं ताशी १ घनमीटर त्यात नीट बसतं. दहा मिनिटांत १६७ लिटर जातात, त्यामुळे घड्याळाची चूक नगण्य होते.

पण मीटर खरं बोलतो हे कशावरून? त्यासाठी २० लिटरचा पाण्याचा जार. जारच्या तोंडाला दोन नळ्यांचं रबरी बूच. एका नळीतून पाणी खाली बादलीत जातं, दुसरीतून मीटरमार्गे हवा आत येते. जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढी हवा मीटरमधून आली. पाणी किराणा दुकानात असतो तसल्या ३० किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायचं. पंचवीस अंशांना पाण्याची घनता ०.९९७, म्हणजे किलोचे लिटर करणं सोपं.

इथे तीन गोष्टी सांभाळल्या, आणि त्यावरच सगळा भरवसा आहे. पहिली, बाष्प. जारमध्ये शिरलेली कोरडी हवा पाण्याला लागून बाष्प उचलते आणि फुगते. पंचवीस अंशांना बाष्पाचा पूर्ण दाब ३.१७ किलोपास्कल, आपल्या हवेच्या दाबाच्या तीन टक्क्यांहून जास्त. जेवढी अचूकता हवी तेवढीच चूक इथून येऊ शकते. म्हणून हवा मीटरमध्ये जाण्याआधीच पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांनी काढली, म्हणजे ती आधीच तृप्त. बाटली मीटरच्या आधी असल्यामुळे तिथला किंचित कमी दाब मीटरलाही आणि जारलाही सारखाच लागू होतो. दुसरी, तापमान. जार, पाणी, मीटर सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवलं, पंखा बंद. तिसरी, मीटरचं चक्र. आतले डायफ्राम आळीपाळीनं भरतात, त्यामुळे एका चक्रात हवा सम गतीनं जात नाही. सुरुवात आणि शेवट काटा एकाच जागी असताना घ्यायचा.

जार पुन्हा पुन्हा भरून आकडे एकमेकांना अर्ध्या टक्क्याच्या आत जुळले. मीटर खऱ्यापेक्षा सुमारे एक टक्का कमी दाखवतो. तेवढा गुणक वहीत लिहून ठेवला. काट्यावर पाणी तोलून हवेचं माप पक्कं करता येतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग तोच मीटर यंत्राच्या वर, इनलेट हेड काढून त्या जागी जोडला. मीटर वरच जोडायचा, कारण तिथे हवा बाहेरच्या दाबाची आणि बाहेरच्या तापमानाची असते. इम्पॅक्टरला कळतो तो नेमका हाच फ्लो. फिल्टरच्या पुढे कुठेही मोजलं तर दाब घटलेला असतो.

आकडा आला १५.९. म्हणजे ४.६ टक्के कमी. अमेरिकी नियमाप्रमाणे ठरलेल्या फ्लोपासून ५ टक्क्यांच्या आत, पण मला ही घट मान्य नव्हती, कारण गळती नव्हती आणि व्हॅक्यूम भरपूर होता. राहता राहिला ओरिफिस. तो काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, चष्मेवाल्यांकडे असतो तसल्या अल्ट्रासॉनिक पात्रात ठेवला. भोकात तार किंवा सुई कधीही घालू नका. कडेला ओरखडा आला तर भोकाचा आकार बदलतो आणि जुना गुणक कायमचा गेला. सफाईनंतर १६.५. एक टक्का कमी, ते चालेल.

तापमानाचे दोन हिशोब

ओरिफिसमधून जाणारे लिटर निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात पुण्यात रात्री १४ आणि दुपारी ३० अंश असले तर फरक पावणेतीन टक्क्यांचा. चोवीस तासांचा एकच नमुना असल्यामुळे सरासरी तापमान घेतलं की भागतं.

दुसरा हिशोब मोठा आहे. यंत्रातला स्वतःचा मीटर पंपाच्या नंतर आहे, तिथली हवा पंपानं तापवलेली असते. मी मीटरला तापमापक चिकटवला. बाहेर सरासरी २९ अंश असताना मीटरवर ४१ होते. मीटरनं २४.७ घनमीटर दाखवले. ते ३०२ भागिले ३१४ नं (हीच दोन तापमानं केल्विनमध्ये) गुणले की २३.७६ उरतात. वरच्या १६.५ ला १४४० मिनिटांनी गुणून पाहा, तेच येतात. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा कुठे मला यंत्र तयार आहे असं म्हणवलं. ही दुरुस्ती न करणाऱ्यांची पीएमची पातळी चार टक्के कमी निघते.

फिल्टर

पीटीएफईच्या फिल्टरची भोकं २ मायक्रॉनची असली तरी ०.३ मायक्रॉनचे कणही ९९ टक्क्यांहून जास्त पकडले जातात, कारण बारीक कण सरळ जात नाहीत, भिरभिरत धाग्यांना लागतात. वजन कॉलेजातल्या मायक्रोबॅलन्सवर होतं, पण कंडिशनिंग, म्हणजे तोलण्याआधी फिल्टर ठरावीक तापमान-आर्द्रतेत ठेवणं, घरी करते. चोवीस तास, २० ते २३ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के. सिलिका जेल हवा फारच कोरडी करतं. त्यापेक्षा डेसिकेटरच्या तळाशी मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, तळाला न विरघळलेले खडे दिसतील इतकं, ठेवलं की आर्द्रता आपोआप ३३ टक्क्यांवर स्थिर राहते. पीटीएफई स्थिर विद्युत फार धरतं. फिल्टर काट्यावर ठेवल्यावर आकडा सरकत राहिला की समजायचं प्रभार आहे. विजेवरच्या आयोनायझरसमोर अर्धा मिनिट धरते, मग आकडा बसतो.

दर दहा फिल्टरांमागे एक फील्ड ब्लँक: गच्चीवर न्यायचा, होल्डरमध्ये बसवायचा, पंप न लावता परत आणायचा. ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर हाताळणीत काहीतरी बिघडलंय. या सर्व्हिसनंतरचा पहिला ब्लँक त्याच्या बराच खाली आहे. नमुना झालेला फिल्टर मी सकाळी लवकर उतरवते आणि थेट फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवते, कारण अमोनियम नायट्रेट उन्हात उडून जातं.

पुढे काय

फिल्टरशेजारी लेझरचा पीएमएस ५००३ सेन्सर लावला आहे, त्याची सरासरी त्याच चोवीस तासांची. दमट पहाटेच्या दिवशी सेन्सर वर जातो: आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की अमोनियम सल्फेटचे कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रकाश जास्त विखुरतात, फिल्टर मात्र ३३ टक्क्यांना सुकवून तोलला जातो. कोरड्या, धुळीच्या दिवशी उलट, सेन्सरला जाडसर कण नीट दिसत नाहीत. म्हणून मला एकच गुणक काढायचा नाही, आर्द्रतेच्या गटांप्रमाणे वेगवेगळे काढायचे आहेत. थंडीचे नमुने जमले की ते आकडे इथे टाकीन. मुंबईत किंवा कोकणात कुणी जारची चाचणी करणार असाल तर तुमच्याकडचा हवेचा दाब आणि पाण्याचं तापमान सोबत लिहा, म्हणजे मीटरचे गुणक शेजारी ठेवून बघता येतील.