नदीवरची मोटर काढायला एटीव्हीला घरीच विंच बसवली

पावसाळ्यात आमच्या गल्लीत सकाळी सकाळी एकच विचारणा असते, "मोटर काढली का?" आमचं रान कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाला, कासारी नदीकाठी. दहा एचपीची मोनोब्लॉक मोटर, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र, दरडीच्या खाली, पाण्याजवळ बसवलेली. सक्शनला सहा-सात मीटरच्या वर पाणी ओढवत नाही, त्यामुळं मोटर पाण्याजवळच ठेवावी लागते आणि नदी फुगली की पहिल्यांदा बुडते तीच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झाले की इशारा, 43 फुटाला धोका. आमची मळी, म्हणजे नदीकाठची जमीन, त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली असते. बातम्यांत आकडा येईपर्यंत आमच्या हातात वेळ उरलेला नसतो.

2021 च्या जुलैत 22 तारखेला रात्रभर पाऊस कोसळला आणि पाणी बघता बघता चढलं. एरवी भावकीतली सात-आठ माणसं, दोन वासे आणि काथ्याचा दोर, एवढ्यावर मोटर वर यायची. त्या रात्री प्रत्येकाला आपापली जनावरं सोडायची होती. आमची मोटर तिथंच राहिली. पाणी उतरल्यावर गाळातून उकरून काढली, वाइंडिंग जळालेलं, बेअरिंगमध्ये वाळू. आबा त्या मोटरीजवळ बसून राहिले होते, बोलले काहीच नाहीत. ते मला अजून आठवतं.

पुढच्या वर्षी पर्यटकांना फेऱ्या मारायला देणाऱ्या एकाकडून जुनी एटीव्ही घेतली, चार जाड चाकांची, चिखलात चालणारी उघडी गाडी. रस्त्यावर चालवायची नाही म्हणून टेम्पोत घालून आणली, आणि तेव्हापासून ती रानातच आहे. वैरण, खताची पोती, औषधाची टाकी, सगळं तीच ओढते. मोटरीला हिचा उपयोग करायचा असेल तर पुढं विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र पाहिजे, हे डोक्यात तेव्हापासूनच होतं. मी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, काँटॅक्टर (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), केबल, होइस्ट (ओझं उचलायचं यंत्र) हे रोजचं काम. म्हणून कुणाकडं न देता घरच्या सोप्यातच बसवायचं ठरवलं.

विंच घेतली 3000 पौंडाची, म्हणजे सुमारे 1360 किलो ओढीची. गाडी तीनशे किलोच्या आसपास, वर माणूस, त्यात काळ्या रानाचा चिखल. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट तरी ओढ असावी हा नेहमीचा हिशोब, पण चिखल चाकाला धरतो तेव्हा दीडपट कमी पडते. आणि डब्यावर छापलेली ओढ मिळते ती ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर असताना. थर वाढले की ड्रम जाड होतो आणि तेवढी ओढ घटते. जवळचं ओझं ओढताना विंच कमी जोराची वाटते ती याच्यामुळं. म्हणून दोर होईल तितका सोडून घ्यायचा.

दोर सिंथेटिकच घेतला. कंपनीत होइस्टचा वायर रोप बघून बघून मला त्याची भीती आहे. एक तार तुटून वर आली की हातमोज्यातून आत शिरते, आणि ताणाखाली तुटला तर फटका कुठं बसेल ते सांगता येत नाही. सिंथेटिक हलका, तुटला तरी तेवढा उसळत नाही. उन्हानं आणि दगडावर घासून तो झिजतो, हे त्याचं दुखणं. त्याच्यासाठी पुढं रोलरऐवजी गुळगुळीत अॅल्युमिनियमची फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून आत-बाहेर जातो ती खाच, लावली.

आता प्लेट. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच पाहिजे होता. विंचसोबत आलेली प्लेट माझ्या गाडीच्या पाइपांशी जुळत नव्हती. भोकं रुंद करून बसवता आली असती, पण लांबट भोकात बोल्ट ताणाखाली सरकतो. मी आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापला. फेअरलीडच्या दोन भोकांचं अंतर 124 मिलिमीटर, ते आखलं, फर्म्यावर विंच ठेवली आणि गाडीखाली झोपून बघितलं. बरं झालं बघितलं. ड्रम मोकळा सोडायची मूठ बंपरच्या पाइपाला अडत होती. चिखलात उभं राहून ती मूठ फिरवता आली नाही तर दोर सोडायला प्रत्येक वेळी बॅटरी जाळायची. फर्मा दोन सेंटिमीटर खाली घेतला, मूठ मोकळी झाली.

तो फर्मा घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी पुठ्ठा हातात घेऊन पहिलं विचारलं, "ओढ कुठनं येणार हाय? सरळ का तिरकी?"

मी म्हटलं, "काका, दरडीवर सरळ कुठली मिळायची? तिरकीच येणार."

"मग नुसता पत्रा न्हाई चालायचा. दोन्ही अंगाला कान काढू, पाइपाला खालनं बी धरंल."

सहा मिलिमीटरची प्लेट, दोन्ही बाजूला वाकवलेले कान, आणि कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या झाळलेल्या. फ्रेमच्या पाइपाला भोक पाडू द्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, पोकळ पाइप भोकापाशीच मोडतो. म्हणून पाइपाला कवळी (क्लॅम्प) घालून प्लेट आवळली. बोल्ट 8 मिलिमीटरचे, डोक्यावर 8.8 छापलेले, खाली नायलॉक, म्हणजे हादऱ्यानं सैल न होणारे नट. हे बोल्ट चढ्या दराचे नाहीत, पण दुकानदार विचारल्याशिवाय देत नाही. डोकं बघून घ्या.

वायरिंग मला वाटलं होतं एका संध्याकाळचं काम. विंचच्या मोटरीच्या निळ्या आणि पिवळ्या वायरी काँटॅक्टरला, काँटॅक्टरची लाल-काळी बॅटरीला. काँटॅक्टर सीटखाली बॅटरीशेजारी बसवला, कारण पुढं लावला तर पाणी आणि शेण थेट त्याच्यावर. जाड वायर सायलेन्सरपासून लांब, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून कुठं ताण येत नाही हे बघून केबल टायनं बांधली. चाचणीपुरती स्विचची बारीक वायर थेट बॅटरीला टेकवली, विंच फिरली, आत-बाहेर बरोबर. अंधार पडला म्हणून तसंच ठेवून जेवायला आत गेलो.

जेवताना बाहेरून विंचच्या मोटरीचा आवाज आला. किल्ली माझ्या खिशात. पुतण्या सीटवर चढून बसला होता आणि स्विच दाबून धरला होता. आकडा फेअरलीडला येऊन टेकला होता, तरी ड्रम ओढतच होता आणि दोर तारेसारखा ताठ. मी धावत जाऊन त्याचा हात बाजूला केला आणि दोर सैल सोडला. पोराची बोटं त्या फेअरलीडपासून वीतभर अंतरावर होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच. स्विचचा पुरवठा टेललॅम्पच्या वायरीवरून घेतला. टेस्ट लॅम्प लावून खात्री केली, किल्ली फिरवली की दिवा लागतो, काढली की विझतो. मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज. शिवाय बॅटरीच्या लाल टर्मिनलनंतर एक मेन कट-ऑफ स्विच बसवला, काम झालं की तो बंद. तुमच्या घरात लहान पोरं असोत नसोत, ही स्विचची वायर थेट बॅटरीला एक रात्रसुद्धा ठेवू नका.

मग दुसरी अडचण. भार दिला की काँटॅक्टर कट-कट वाजायचा आणि विंच दम तोडायची. मला आधी बॅटरीची शंका आली. मल्टीमीटर लावला. ओढ चालू असताना बॅटरीवर 11.8 व्होल्ट, आणि हातभर अंतरावरच्या काँटॅक्टरवर 9.7. म्हणजे दोन व्होल्ट त्या हातभर वायरीतच जात होते. वायरीच्या टोकाच्या लगवर (कड्यावर) बोट ठेवलं तर चटका बसला. ते लग मी घरी पक्कडीनं दाबले होते, हायड्रॉलिक क्रिम्पर कंपनीत होता म्हणून. कापून बघितलं तर आतल्या निम्म्या तारा मोकळ्याच होत्या, हलवल्या की सुटून येत होत्या. पूर्ण ओढीला ही मोटर शंभर अँपिअरच्या वर घेते. तिथं अर्धवट दाबलेला लग म्हणजे शेगडीच. सोळा स्क्वेअर मिलिमीटरची नवी केबल, क्रिम्परनं दाबलेले लग, वर हीट श्रिंक. पुन्हा मोजलं, बॅटरीवर 11.8, काँटॅक्टरवर 11.4. कट-कट गेली.

दोर ड्रमवर नुसता गुंडाळून ठेवला नाही. अंगणातल्या कडुलिंबाला जाड पट्टा बांधला, साल सोलू नये म्हणून दोर थेट नाही. ड्रमवर दहा वेढे ठेवून बाकी सगळा दोर सोडला आणि हलका ब्रेक धरून गाडीनं स्वतःला झाडाकडं ओढून घेतलं. असा ताणाखाली बसलेला दोर थराला थर लागून बसतो. सैल गुंडाळला तर पहिल्याच मोठ्या ओढीला वरचा वेढा खालच्यात घुसून अडकतो.

गेल्या पावसाळ्यात दुपारी पाणी दरडीच्या दगडी पायऱ्यांना लागायला सुरुवात झाली आणि आबा म्हणाले, "चल, आत्ताच काढू." पाण्याच्या मोटरीचा मेन स्विच पाडला, फ्यूज काढून मी खिशात घातला, मगच खाली उतरलो. मोटर आधीच एका लोखंडी चौकटीवर घेतली होती, खाली नांगराच्या पट्टीसारख्या दोन पट्ट्या, घसरायला. गाडी बांधावर उभी केली. इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. मोटर वर येण्याऐवजी गाडीच दरडीकडं खेचली जाऊ शकते. म्हणून मागचा हूक पट्ट्यानं बाभळीला बांधला, चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल, ब्रेक लॉक. पार्किंग गिअरवर ओढ देऊ नये, धक्का गिअरबॉक्सवर जातो. इंजिन चालू ठेवलं, तरी एवढ्या ओढीला गाडीचं चार्जिंग पुरत नाही. म्हणून अर्धा मिनिट ओढायचं, थांबायचं, विंचच्या मोटरीवर हात ठेवून बघायचं.

दरड मध्येच खडी होती, तिथं ओढ जड झाली. मग खालच्या चौकटीला कप्पी लावली, दोर तिच्यातून घेऊन परत गाडीच्या पुढच्या हुकाला अडकवला. वेग निम्मा झाला, पण ओढ जवळजवळ दुप्पट. दोरावर भिजवलेलं पोतं टाकलं, दोराच्या रेषेतून बाजूला व्हायचं ठरलं. आबांना दोनदा सांगावं लागलं. त्यांचा पाय मोटरीजवळून निघेना.

"तुम्ही वर या आबा, ती येतीय."

"येऊ दे की, मी बघायलोय न्हवं."

चौकट इंचाइंचानं वर सरकली, मागं चिखलात दोन सरळ चाकोऱ्या पाडत. बांधावर आल्यावर मी स्विच सोडला आणि ब्रेक तसाच ठेवून चौकटीला दगड लावले, मगच आकडा काढला. आम्ही दोघंच होतो, आणि अर्धा-पाऊण तास लागला. आबांनी मोटरीवर हात फिरवला, शाफ्ट बोटानं फिरवून बघितला, आणि पाइपाच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हमधला पालापाचोळा काढत तिथंच उकिडवे बसले.

संध्याकाळी पायऱ्या दिसेनाशा झाल्या. मी दोर पूर्ण सोडून पाइपच्या पाण्यानं धुतला, कारण गाळातली वाळू धाग्यांत बसली की आतून कापत जाते. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, उद्या आमची पण काढशील का. सकाळी सहाला कट-ऑफ स्विच चालू केला.