तुम्ही विचारलंत म्हणून: ओपिनेल घेऊ की तो लाल चाकू?

भटकंतीला नव्याने लागलेला कुणीही भेटला की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. "काका, रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचाय. ओपिनेल घेऊ की व्हिक्टोरिनॉक्स?" माझ्याकडे दोन्ही आहेत: ओपिनेलचा आठ नंबर आणि व्हिक्टोरिनॉक्सचा लाल स्पार्टन. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकतो. आमच्यासारखे चिपळुणात राहत असाल तर स्पार्टन घ्या. कापण्याचं सुख हवं असेल तर ओपिनेल घ्या, आणि पुढचं वाचा.

ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं आणि इतकं पातळ की पिकलेला टोमॅटो त्याखाली दबत नाही, त्याच्या नुसत्या चकत्या पडतात. माझा कार्बन पोलादाचा आहे. स्टेनलेसही मिळतो, पण मला आजीच्या विळीची सवय. कैरी कापली की पातं काळं पडणार, पहिल्या फोडीला लोखंडाची चव येणार, वापरून झाला की लगेच पुसून खोबरेलाचं बोट फिरवायचं, हे सगळं मला ओळखीचं वाटलं. आता पात्यावर निळसर-काळपट कळा चढली आहे. नवा होता तेव्हापेक्षा मला तो आज जास्त देखणा वाटतो. बायकोला तो गंजलेला वाटतो.

मुठीपाशी एक फिरती कडी आहे. ती फिरवली की उघडं पातं अडकून बसतं, बोटांवर मिटत नाही. ही कडी १९५५ साली आली. घरात बसून मी ती उगाच फिरवत असतो आणि बायकोकडून ऐकून घेतो, "रिकामी कात्री वाजवल्यासारखं काय करताय? भांडणं होतात घरात."

मग जून येतो. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि आमच्याकडची हवा तर पापडसुद्धा डब्यातच वातड करणारी. लाकूड फुगतं, पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं आणि चाकू उघडेनासा होतो. पहिल्या पावसाळ्यात कुंभार्लीच्या घाटात मी नखं मोडेस्तोवर झटत होतो आणि बरोबरचे सोबती पेरू दातांनी फोडून खात होते. यावर फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या लोकांनी, म्हणजे जिथे हा चाकू जन्मला त्यांनीच, उपाय काढलेला आहे: कडी मोकळी करायची आणि मुठीची शेपूट टेबलाच्या कडेवर ठोकायची. झटक्याने पातं थोडं बाहेर डोकावतं, मग चिमटीत धरून ओढायचं. युक्ती चालते. पण एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला ती कशी दिसते, याचा विचार करा.

मला खरं बोलायचंय ते याबद्दल. ओपिनेल हा शेतकऱ्याचा चाकू. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो केला तो गावकऱ्यांच्या भाकरी-चीजसाठी. व्हिक्टोरिनॉक्सचं मूळ मात्र फौजेत. त्याच १८९० च्या नमुन्याचा शिपायांचा चाकू स्विस सैन्याने ठरवला होता. त्यात पात्याबरोबर टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि रायफल खोलायला पेचकस. व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक, स्वित्झर्लंडमधल्या इबाखचा कार्ल एल्सेनर, याने तो पुरवायला घेतला आणि १८९७ मध्ये हलका 'ऑफिसर' चाकू काढला. आजचा स्पार्टन त्याच घराण्यातला. आता गंमत बघा. फौजेच्या चाकूला लोक हसतात आणि शेतकऱ्याच्या चाकूने दचकतात. मी गाडीत सफरचंद चिरायला ओपिनेल उघडला, तेव्हा समोरच्या बाईंनी पोराला हळूच जवळ ओढलं. परतीच्या प्रवासात लाल स्पार्टन काढला, तर तसल्याच एक बाई पुढे वाकून म्हणाल्या, "यात कात्री नाही का हो?"

कात्री नाही. पण बाकी जे आहे ते रोज लागतं. डबा उघडायच्या हत्याराचं टोक फुलीच्या स्क्रूला चालतं, घरातले निम्मे स्विचबोर्ड मी त्यावर खोललेत. बाटलीचं बूच ओढायच्या मळसूत्राचं मला काय काम, असं आधी वाटायचं. ओल्या लेंग्याच्या नाडीची गाठ सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्याच मळसूत्रात बसणारा इवलासा पेचकस वेगळा मिळतो. चष्म्याची दांडी ढिली होण्याच्या वयात आलात की तो घ्याच.

त्याचा दोष एकच, पण मोठा. पात्याला अडकण नाही, नुसती कमानीची ताकद. नारळाच्या करवंटीतून खोबरं उपटायला मी टोक आत घालून दाबलं, तेव्हा ते मिटून तर्जनीवर आलं. खूण आहे अजून. उपटणं, टोचणं, रेटणं ही कामं त्याची नव्हेत.

धार तुम्हालाच लावावी लागेल. सायकलवाल्या धारवाल्याकडे यातला कुठलाच देऊ नका. विळ्या-सुऱ्यांना ठीक, पण असलं पातळ पातं चाकावर तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाच्या कडेला चकाकी नसलेला खरखरीत भाग असतो, त्यावर पाचसहा हात फिरवले की महिनाभर बघायला नको.

पोलिसांचंही विचारता, म्हणून सांगतो. शस्त्र नियमांतल्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीच्या अवजारांखेरीज. हे दोन्ही त्याच्या आसपासही जात नाहीत. मात्र सणावाराला किंवा निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागतात, आणि त्यात चाकू येऊ शकतो. त्या दिवसांत दोन्ही घरी ठेवा. विमानात तर हातातल्या बॅगेत अजिबात नको. माझा पहिला स्पार्टन तसाच गेला. जवानाने पेटीत टाकताना सहानुभूतीने विचारलं, "नवा होता का?" चार दिवसांचा होता.

ओपिनेल सध्या कुठे आहे म्हणाल, तर फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. लाकूड कोरडं राहतं. काल बायकोने मापटं घातलं आणि तांदळाबरोबर तोही वर आला. तिने तो तसाच परत आत खुपसला आणि वर तांदूळ लोटले.