पक्ष्यांच्या नोंदींची एक्सेल शीट, अपडेट ३: ड्रॉपडाउनमध्ये 'नक्की नाही' का टाकलं

मंडळी, मागच्या अपडेटला बरेच दिवस झाले. मधे सुट्टीच्या दिवशी येऊरचं जंगल नाहीतर खाडी आणि उरलेल्या वेळात शीट असंच चाललं होतं, पण आता ती अशा जागी आलीय की तुम्हाला दाखवावंसं वाटतंय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही पाच जण ठाण्यातले, दर रविवारी पक्षी बघायला जातो, येऊर, कोपरीची खाडी, ऐरोली, कधी नेरूळपर्यंत, आणि जे दिसलं ते एका सामायिक एक्सेलमध्ये भरतो. सुरुवातीला सगळे मोकळं टाइप करायचे. वर्षभराने पिव्होट टेबल, म्हणजे कुठलं नाव किती वेळा आलं त्याचा गोषवारा, काढलं तर ढोकरी ४१ ओळी, वंचक १७, भुरा बगळा ९, आणि परत खाली ढोकरी ६. तिन्ही नावं एकाच पक्ष्याची, पाँड हेरॉनची, आणि दुसऱ्यांदा आलेली ती ढोकरी म्हणजे शेवटी एक स्पेस चिकटलेली, जी डोळ्याला दिसत नाही पण एक्सेलला दिसते. भारद्वाजाचं तेच, कोणी कुंभारकावळा लिहिलं कोणी सोनकावळा. कोणाचंच नाव चूक नाही हो, ज्याच्या घरात जे म्हणत आले तेच तो लिहिणार, आणि ही नावं मला फार आवडतात, म्हणून ती पुसली नाहीत, वेगळ्या शीटवर 'इतर नावं' म्हणून ठेवलीयत. पण मोजायला एकच नाव लागतं.

म्हणून ड्रॉपडाउन, म्हणजे सेलवर उघडणारी यादी, तिच्यातूनच निवडायचं. डेटा टॅब, डेटा व्हॅलिडेशन, अलाउमध्ये लिस्ट, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण सगळे पक्षी एकाच यादीत टाकले तर हाल होतात, कारण एक्सेल एका वेळी आठच नावं दाखवतं, बाकीच्यांसाठी स्क्रोल करत बसा, आणि उन्हात फोन धरून कोण स्क्रोल करणार, जे पहिलं दिसेल ते दाबतात. म्हणून दोन पायऱ्या. आधी गट निवडायचा, बगळे, खंड्या, चिखलातले, शिकारी, झाडावरचे, आणि मग शेजारच्या सेलमध्ये फक्त त्याच गटातले पक्षी यायला हवेत.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच, प्रत्येक यादीला (म्हणजे तिच्या सेलच्या रेंजला) नाव द्यायचं आणि दुसऱ्या सेलच्या सोर्समध्ये इनडायरेक्ट लावायचं, ते निवडलेल्या गटाच्या नावाची रेंज शोधून आणतं. तेव्हा गटांची नावं इंग्रजीत होती आणि 'शोअर बर्ड्स' निवडलं की पुढची यादी उघडायचीच नाही. कारण साधं आहे, रेंजच्या नावात स्पेस चालत नाही, क्रिएट फ्रॉम सिलेक्शन केलं की एक्सेल गुपचूप तिथे अंडरस्कोर टाकतं, आणि इनडायरेक्ट मात्र स्पेसवालं नाव शोधत बसतं. सबस्टिट्यूट लावून स्पेसचा अंडरस्कोर केला की चालतं. पण नवीन पक्षी यादीखाली टाकला की रेंज आपोआप वाढेना, वाढावी म्हणून नावामागे ऑफसेटचा फॉर्म्युला ठेवला तर इनडायरेक्टला तसलं नाव चालतच नाही. तिथे मी इनडायरेक्ट सोडलं.

आता जे आहे ते असं. 'याद्या' नावाची शीट, पहिल्या ओळीत गटांची मराठी नावं, प्रत्येकाच्या खाली त्याचे पक्षी, मधे एकही रिकामा सेल नाही. नोंदीच्या शीटवर डी कॉलममध्ये गट, ई मध्ये पक्षी. ई च्या सोर्समध्ये ऑफसेट. याद्यांच्या ए१ पासून सुरू कर, एक ओळ खाली ये, मॅचने गटाचं नाव पहिल्या ओळीत शोध आणि जितक्या नंबरवर सापडेल त्यातून एक वजा करून तितके कॉलम उजवीकडे सरक, आणि उंची म्हणजे त्या कॉलममध्ये काउंटएने मोजलेले भरलेले सेल वजा एक, कारण वरचं एक शीर्षक आहे. एवढंच. रेंजला नावं द्यायची गरज नाही, स्पेसचा प्रश्न नाही, शीर्षक मराठीत ठेवा नाहीतर कशातही, आणि नवीन पक्षी खाली टाइप केला की पुढच्या क्षणी ड्रॉपडाउनमध्ये हजर. फॉर्म्युला लिहिताना डॉलरकडे मात्र लक्ष द्या, डी च्या आधी डॉलर हवा, ओळीच्या नंबराआधी नको, मी एकदा दोन्हीकडे लावला आणि खालच्या सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीचाच गट बघत होत्या, तीनशे ओळी भरून झाल्यावर कळलं. आणि फॉर्म्युला टाकताना गटाचा सेल रिकामा असेल तर सोर्समध्ये एरर येतेय, पुढे जायचं का असं एक्सेल विचारतं, त्याला बिनधास्त हो म्हणा.

इग्नोअर ब्लँकची टिक काढा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. ती टिक असली आणि गट रिकामा असला तर पक्ष्याच्या सेलमध्ये काय वाट्टेल ते टाइप होतं, एक्सेल हूं की चूं करत नाही. आपल्याला वाटतं शीट बंदोबस्तात आहे आणि दार सताड उघडं असतं.

दुसरं दार म्हणजे पेस्ट. आमच्यातले एक काका व्हॉट्सअॅपवर यादी लिहून ठेवतात आणि घरी आल्यावर चिकटवतात, आणि व्हॅलिडेशन फक्त टाइप केलेलं तपासतं, चिकटवलेलं नाही. वर दुसऱ्या सेलमधून कॉपी केलं तर त्या सेलचा नियमच पुसला जातो. काकांना मी त्यांची पद्धत बदला म्हटलं नाही, वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते पहाटे सव्वापाचला पाटोणापाड्याच्या बसला उभे असतात, तेच खूप आहे. त्याऐवजी महिन्यातून एकदा सर्कल इनव्हॅलिड डेटा दाबते, जे जे यादीबाहेरचं आहे त्याभोवती लाल गोल येतात, आणि मग आम्ही दोघं फोनवर एकेक गोल सोडवतो. खरं सांगायचं तर मला ते काम आवडतं, त्या निमित्ताने प्रत्येक सकाळ परत आठवते.

गट बदलला आणि जुना पक्षी तसाच राहिला तर काय, हे पण विचारलं होतं कोणीतरी. पक्षी भरलेला असेल तर गटाची यादीच उघडू द्यायची नाही, अशी एक युक्ती असते, इफ लावून. ती करून पाहिली आणि काढली, कारण मग लाल गोल काढायला गेलं की प्रत्येक भरलेल्या ओळीतला गट चुकीचा म्हणून दाखवतं. आता फक्त कंडिशनल फॉरमॅटिंग ठेवलंय, काउंटइफमध्ये तोच ऑफसेट, उत्तर शून्य आलं, म्हणजे पक्षी त्या गटाच्या यादीत नसला, की सेल केशरी.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले.

एरर अलर्ट मी स्टॉपवर ठेवला होता, म्हणजे यादीबाहेरचं काही घेणारच नाही. तीन आठवडे शीट इतकी स्वच्छ की पिव्होट बघून समाधान वाटायचं. मग कोपरीचे फोटो चाळताना एक बगळा दिसला, पांढरा, चिखलात एक पाय उचललेला, आणि चोच. छोट्या बगळ्याची चोच काळी, सडपातळ, सुईसारखी असते. ह्याची जाड, पिवळट तपकिरी, किंचित खाली झुकलेली. तो रीफ हेरॉन होता, पांढऱ्या आणि राखाडी अशा दोन रूपांत दिसणारा बगळा, हे त्याचं पांढरं रूप. शीटमध्ये बघितलं तर त्या दिवशी त्या जागी 'छोटा बगळा'. जिने भरलं तिला विचारलं, ती म्हणाली, अगं मला तेव्हाच शंका आली होती, पण यादीत दुसरं काही नव्हतंच, आणि सेल सोडून पुढे जाऊ देईना, म्हणून जवळचं निवडलं.

मी त्या रात्री मागचे सगळे फोटो काढले. छोटा बगळा म्हणून भरलेल्या आणखी चार ओळींत रीफ हेरॉन निघाला. फोटो नसलेल्या ओळींचं काय करायचं, त्या कायमच्या संशयात. मोकळं टाइप करायचो तेव्हा निदान कोणी 'बगळा?' असं प्रश्नचिन्हासकट लिहायचं, ते प्रश्नचिन्ह माझ्या यादीने खाल्लं. चुकीचं स्पेलिंग नंतर सुधारता येतं पण चुकीचा पक्षी बरोबर स्पेलिंगमध्ये बसला की तो कोण शोधणार, लाल गोलसुद्धा येत नाही त्याच्याभोवती.

तेव्हापासून प्रत्येक गटाच्या यादीत सगळ्यात वर, पहिल्याच जागेवर, एक ओळ आहे, 'बगळा, नक्की नाही', 'शिकारी, नक्की नाही', अशी. मुद्दाम वर, कारण खाली ठेवली तर आठाच्या खिडकीत दिसत नाही. आणि गटांमध्येही एक 'गट कळला नाही' असा गट, त्याच्या खाली एकच नोंद. शिवाय एच कॉलम मोकळा, तिथे कुठलंही व्हॅलिडेशन नाही, काय दिसलं ते आपल्या शब्दात लिहा. मागच्या रविवारी काकांनी तिथे लिहिलं, 'कावळ्याएवढा, शेपूट लांब, उडताना खालून पट्टे, आवाज नाही'. ह्याच्यावरून पुढे कधीतरी काही ठरवता येईल, नुसत्या 'शिक्रा' वरून कधीच आलं नसतं.

पाण्याचा कॉलम पण ह्या वेळी जोडला, तो परिसरावर अवलंबून. परिसर येऊर असेल तर यादीत एकच पर्याय, लागू नाही. खाडी किंवा नवी मुंबईचे पाणथळ असेल तर भरती, सुकती, मधलं. सुकती हा शब्द चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजोबांकडून घेतला, आधी ओहोटी लिहिलं होतं. हा कॉलम का, तर रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. पाणी उतरलं की ते खाडीच्या चिखलात चरतात, भरती चढली की तिथे उभं राहायला जागा उरत नाही, मग थवे उठून नेरूळच्या डीपीएस तलावावर किंवा चाणक्यच्या पाणथळीत येऊन बसतात. आमच्यातले दोघं सकाळी ऐरोलीला आणि दोघं दुपारी नेरूळला असले की तेच पक्षी दोनदा मोजले जायचे आणि बेरीज दुप्पट. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलं, पण रोहितांना हद्द कुठली कळायला, त्यांचा दिवस पाण्यावर चालतो, अभयारण्याच्या बाहेरचे हे तलावही त्यांना तितकेच लागतात. म्हणून आपली मोजणी कोणाला दाखवायची वेळ आली तर वेळ आणि पाणी दोन्ही लिहिलेलं हवं असं मला मनापासून वाटतं. हा सेल रिकामा ठेवला तर पूर्ण ओळ फिकी करड्या रंगाची होते, आणि रोहितांच्या बेरजेत ती ओळ धरत नाही.

गुगल शीट्सवर करणाऱ्यांसाठी एवढंच, तिथे ड्रॉपडाउनच्या सोर्समध्ये असा फॉर्म्युला चालत नाही, मग बाजूच्या वेगळ्या शीटवर प्रत्येक ओळीसाठी फिल्टर लावून ट्रान्सपोजने आडवी यादी काढायची आणि ड्रॉपडाउनला ती आडवी रेंज द्यायची. चालतं, मी बहिणीच्या बागेच्या शीटला करून दिलंय.

राहिलेलं काम. जुन्या ७४० ओळी नवीन याद्यांवर आणायच्यात, त्यातल्या साधारण निम्म्या झाल्या. बगळ्यांच्या यादीत रीफ हेरॉनची पांढरा आणि राखाडी अशी दोन रूपं वेगळी ठेवावीत की रूपासाठी तिसरी पायरी करावी हे ठरत नाहीये, तिसऱ्या पायरीला ऑफसेट आणखी लांबेल पण बाकी पक्ष्यांना पिल्लू, नर, मादी हेही त्यातच बसेल. कोणी तीन पायऱ्या केल्या असतील तर याद्या कशा मांडल्या ते सांगा. आणि रीफ हेरॉनला तुमच्याकडे काय म्हणतात तेही सांगा, आमच्या 'इतर नावं' च्या शीटवर त्याच्यासमोरची जागा अजून रिकामी आहे.