आमची वाटचाल : एक गटार, थोडा खडक आणि ऑटो लेव्हल

फर्मला वीस वर्षं झाली म्हणून माहितीपत्रक काढायचं ठरलं. मुलीनं माझ्याकडे चार ओळी मागितल्या. लिहायला बसलो आणि चार ओळींत काही बसेना. तिनं तिला हवं ते घेतलं, बाकीचं हे.

वडील गवंडी. जुन्नरकडून आले, सिडकोच्या कामांवर रोजानं लागले. वाशीतल्या ज्या इमारतींचं छताचं प्लास्टर आज लोकांच्या ताटात पडतं, त्यांतल्या काहींवर त्यांची थापी चालली आहे. त्यांचा पितळी ओळंबा माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोरी बदलली, ओळंबा तोच. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि २००४ मध्ये तुर्भ्याला दहा बाय बाराच्या गाळ्यात फर्म काढली. नाव आईचं. सोबत डिप्लोमाचा एक वर्गमित्र, निम्मा-निम्मा भागीदार. त्याचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सुरुवात नोंदणीवर झाली. सरकारी कामांच्या वाटपाची तेव्हाची पद्धत या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ होती: ठरावीक रकमेच्या आतली कामं ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना. आम्ही दोघे पहिल्या गटात. चिठ्ठी निघाली की काम. शहापूर, मुरबाड, जव्हार. अंगणवाडीची खोली, शाळेची संरक्षक भिंत, स्मशानभूमीचं शेड. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी कौतुकानं नोंदणीचा कागद मागून घेतला आणि त्यावर ‘बेरोजगार’ वाचून परत घडी घातली. साइट दाखवायला न्यावं लागलं तेव्हा होकार आला.

२००९ मध्ये ठाण्याला छोट्या कंत्राटदारांसाठी सरकारी कार्यक्रमातून वर्ग निघाला. पंधरा दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ. आम्ही दोघांनी नाव घातलं. खरं सांगायचं तर प्रमाणपत्र बँकेत दाखवता येईल एवढाच हेतू. वर्गात चाळीस जण: कोणी सेंट्रिंगवाला, कोणी रंगारी, कोणी नुसताच मुकादमाचा मुलगा. शिकवायला एक निवृत्त उपअभियंता. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो, अजूनही तसंच म्हणतो.

सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, एम-२० काँक्रीट घनमीटरला काय पडतं? सगळ्यांनी झटपट आकडे सांगितले. मग त्यांनी फळ्यावर मांडायला घेतलं. एकास दीडास तीन, म्हणजे घनमीटरला साधारण आठ गोण्या सिमेंट. रेती, खडी. पुढे मिक्सरचं भाडं, डिझेल, पाण्याचा टँकर, फुटलेल्या गोण्या, प्लेटांची झीज, रात्रीचा वॉचमन, बिल निघेपर्यंतचं व्याज. फळा भरला. आम्ही सांगितलेला प्रत्येक आकडा कमी निघाला. पाच वर्षं आम्ही धंदा करत होतो, पण आपल्याला काम कितीला पडतं हे आम्हाला माहीत नव्हतं. मजुरी सुटत होती, तिलाच आम्ही नफा म्हणत होतो.

दरपृथक्करण (कामाचा दर असा फोडून मांडणं), बार चार्ट, बँकेचा प्रकल्प अहवाल, पीएफ, कामगार विमा, निविदा भरणं हे सगळं त्या पंधरा दिवसांत झालं. एका संध्याकाळी सरांनी फक्त मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायचं सरकारी पुस्तक (एमबी), हा विषय घेतला. म्हणाले, “जे झाकलं जाणार आहे, ते झाकायच्या आधी मोजून घ्या. पाया, सळई, खोदाईच्या लेव्हल. साहेबाची सही घ्या. साहेब आला नाही तर पत्र द्या आणि पोच घ्या.” मी वहीत लिहिलं. शेजारी भागीदार बसला होता, त्यानंही लिहिलं. ती वही आजही आहे, वाक्याखाली दोन रेघा आहेत.

वर्गानंतर पहिल्या सुटलेल्या बिलातून आम्ही जुना ऑटो लेव्हल घेतला, म्हणजे जमिनीची उंची-खोली मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. तोवर लेव्हल म्हणजे पाण्याची नळी. ज्यांनी नळी वापरली नाही त्यांना तिचे नखरे सांगून कळायचे नाहीत. आत एक बुडबुडा राहिला की दोन बोटांचा फरक. टोकाला अंगठा लावून धरायचा, पलीकडचा पोऱ्या ‘सोडू का?’ म्हणून ओरडतो, आपण ‘थांब’ म्हणतो, त्याला ‘सोड’ ऐकू येतं. गटाराला उतार द्यायचा आणि हातात नळी, म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. लेव्हल आला आणि मी दोन दिवस गाळ्यासमोरच्या रस्त्याचेच रीडिंग घेत बसलो. जाताजाता सांगतो: जुनं इन्स्ट्रुमेंट घेताना टू-पेग टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. साठ मीटरवर दोन खुंट्या, आधी मधोमध उभं राहून फरक काढायचा, मग एका खुंटीजवळ जाऊन. दोन्ही वेळा फरक सारखा आला तर घ्या. विकणारा घाई करत असेल तर नक्कीच टेस्ट करा.

पुढची पाच-सहा वर्षं चांगली गेली. २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हारची कामं हातची गेली, तोवर नवी मुंबईत ई-निविदेची कामं मिळू लागली होती. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आता गटार. २०१६. नवी मुंबईतल्या एका नोडात (सिडकोनं वसवलेल्या उपनगरात), पारसिक डोंगराच्या कुशीत, ३४० मीटर आरसीसी गटार. १७ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या तेवढं खाली, भरलं होतं आणि ते बसत होतं, मी आजही कागदावर दाखवीन. अंदाजपत्रकात खोदाई सगळी मुरुमात. सत्तर मीटर गेल्यावर बकेटचे दात घासायला लागले. काळा खडक. खडक फोडायला ब्रेकर लावला. तासाचं भाडं, वर डिझेल, वर ऑपरेटरचं जेवण. जूनचा पहिला आठवडा, ढग भरून आलेले, कडेला सोसायटीची भिंत आणि खाली उघडा चर. साइटवरचे कनिष्ठ अभियंता म्हणाले, “भरून घ्या हो, पाऊस आला तर भिंत जाईल. खडकाचं आपण नंतर नोंदवू.” माणूस वाईट नव्हता, त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं.

मी म्हटलं, निदान लेव्हल तरी घेऊन ठेवतो. गाळ्यात गेलो तर लेव्हल नाही. भागीदारानं नेला होता. त्याच्या मेहुण्याच्या नावावर घेतलेल्या कामावर, घणसोलीला. असं काही काम आहे हेच मला त्या दिवशी कळलं. फोन केला तर म्हणाला, उद्या देतो. उद्या पाऊस आला. चर भरला, बेड टाकला, भिंती उभ्या राहिल्या. सरांचं वाक्य दोन रेघांसकट वहीत होतं. मी पत्रही दिलं नाही, का ते आजही सांगता येत नाही. वाटलं, साहेब सोबत उभे होते, पाहिलंय त्यांनी.

साहेबांची बदली झाली. नवीन आले त्यांनी एमबी उघडलं आणि विचारलं, “खडक कुठाय?” खरंच होतं, खडक गटाराखाली होता. मुरुम आणि खडक यांच्या दरांतल्या फरकाची रक्कम अडीच लाखांच्या आसपास. पण त्या वादात सगळं अंतिम बिल थांबलं, तेरा लाख. वर सुरक्षा ठेव. तेवढ्यात ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि नाक्यावरच्या मजुरांना द्यायला सुट्टे उरले नाहीत. पुढच्या जुलैत जीएसटी आला. निविदा भरताना व्हॅटची आपसमेळ योजना (ठोक दरानं कर भरायची) धरली होती, ५ टक्के. आता १८ सांगायला लागले, ऑगस्टमध्ये सरकारी कामांना १२ केला, आणि मधला फरक कोणी सोसायचा यावर कार्यालयात प्रत्येक टेबलाचं मत वेगळं. (२०२२ च्या जुलैत तो पुन्हा १८ झाला. तेव्हा चालू असलेल्या कामांचे हाल हा वेगळा विषय.)

भागीदार नोटाबंदीच्या त्याच हिवाळ्यात वेगळा झाला. हिशेब करताना लेव्हल त्यानं ठेवून घेतला, मला मिक्सर दिला. महिन्याभरात त्याच गटाराचा पुढचा टप्पा निघाला. खाली खडक आहे हे सगळ्या नवी मुंबईत दोनच कंत्राटदारांना माहीत होतं. मी ४ टक्के अबोव्ह, म्हणजे अंदाजपत्रकाच्या वर, भरलं. त्यानं ३१ टक्के बिलो भरलं आणि काम घेतलं. मी म्हटलं, मरणार. मेला नाही. त्यानं पहिल्याच दिवशी पत्र दिलं, पोच घेतली, दर दहा मीटरला संयुक्त लेव्हल घेतल्या, खडकाचा एक्स्ट्रा आयटम (अंदाजपत्रकाबाहेरचं काम) मंजूर करून घेतला. सरांनी सांगितलं होतं तसंच, एक अक्षरही न गाळता. आणि इन्स्ट्रुमेंट माझ्या निम्म्या पैशाचं. लोक म्हणतात, आता विसर. मी विसरलोय. फक्त त्या रस्त्यानं गाडी नेत नाही.

फर्म वाचली ती वाशीच्या एका सोसायटीमुळे. सिडकोच्या जुन्या इमारती, स्लॅबची सळई फुगून बाहेर आलेली. तिथले सेक्रेटरी काका पोस्टातून निवृत्त. २००७ मध्ये त्यांच्या जिन्याचं छत मी दुरुस्त केलं होतं आणि पावसाळ्यानंतर न बोलावता जाऊन हातोडीनं ठोकून पोकळ वाजतंय का ते पाहून आलो होतो. एवढ्यावर त्यांनी मला धरून ठेवलं. १७ सालच्या मार्चमध्ये मी त्यांना सांगितलं, काका, तुमचं काम दुसऱ्याला द्या, माझ्याकडे सिमेंटला पैसे नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “सिमेंट सोसायटी आणेल. तू माणसं आण.” माल त्यांचा, मजुरी दर शनिवारी रोख मोजून, सही घेऊन. पोस्टातल्यासारखी, नोटांना थुंकी लावून. चौदा महिने त्यांच्या तीन इमारतींवर माझी सोळा माणसं जगली. काका २०२१ मध्ये गेले. त्यांचा मुलगा आता तीन कोटेशनं मागवतो, ते बरोबरच आहे.

बिलाचं काय झालं? सरांकडे गेलो. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, खडक पळून जात नाही, गटाराच्या कडेनं चाचणी खड्डे घ्यायची परवानगी माग. ब्रेकरच्या भाड्याच्या पावत्या, डंपरची चलनं, रोजची डायरी जोड. परवानगीला पाच महिने लागले. तीन खड्डे घेतले, तिन्हींत खडक लागला. एकोणिसाव्या महिन्यात बिल सुटलं, खडकाचे साठ टक्के धरून. बायकोच्या बांगड्या सोडवल्या. नवा ऑटो लेव्हल घेतला.

आता त्या वर्गांत मलाच कधीकधी अनुभवकथनाला बोलावतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा गटाराची गोष्ट सांगितली. संयोजकांचा चेहरा पडला, त्यांना यशोगाथा हवी होती. पण पोरांनी वह्या काढल्या. पोरांना कोणीतरी सांगून ठेवतं की उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची, केंद्राकडची) असली की बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची अनामत, माफ. केंद्राचं २०१२ चं ते धोरण माल आणि सेवांच्या खरेदीला आहे, बांधकामाच्या कामांना नाही. निविदेची अट वाचा, नाहीतर लिफाफा उघडतानाच बाद व्हाल. आणि २५ टक्क्यांहून जास्त बिलो जाताना बायकोला विचारा, बांगड्या तिच्या असतात.

कार्यक्रमावर माझा राग नाही. तक्रार एकच आहे, तीही सांगून टाकतो. २०१८ मध्ये आमच्या मामांना (आमचे सगळ्यात जुने गवंडी, वडिलांच्या हाताखाली शिकलेले) आरपीएलच्या परीक्षेला नेलं. असलेल्या कौशल्याचं प्रमाणपत्र, कल्पना उत्तम. केंद्रावर मशीनवर अंगठा ठेवायचा होता. चाळीस वर्षं सिमेंट कालवून मामांच्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. खोबरेल लावलं, धुतलं, पुसलं, दहाही बोटं झाली. मशीन ओळखेना. मागे रांगेत उभी पोरं पटापट अंगठे लावून आत गेली. मामा बाहेर येऊन पायरीवर बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “ही ओळंब्यात नाही.” मी घरी जाऊन ओळंबा आणून लावला. पाऊण इंच बाहेर होती. केंद्राची इमारत.

गेल्या महिन्यात वर्गातला एक पोरगा गाळ्यावर आला. ऐरोलीला पहिलंच काम लागलंय, दोन दिवस लेव्हल मिळेल का म्हणाला. मी दिला. वहीत तारीख, इन्स्ट्रुमेंटचा नंबर, ट्रायपॉड, स्टाफ (मापाची उभी पट्टी) सगळं लिहून खाली त्याची सही घेतली. सांगितल्याप्रमाणे रविवारी संध्याकाळी तो परत घेऊन आला. ट्रायपॉडचा एक स्क्रू कमी होता.